पडण्याची तालीम

भावाचा कोट मला खांद्यात जरा सैल होता.
बाकी सगळं जमतंय, सिनेमावाला म्हणाला,
नाक तेच, चाल तीच,
शिवाय मेलेल्याला बोलायचं नसतं,
आणि बोललास तरी आमच्या यंत्राला ऐकू येत नाही.
रोजचे दोन डॉलर. जेवण वेगळं.

ओक्लाहोमात, गव्हाच्या आणि लाल मातीच्या मधोमध
आमचं नोवा लुका,
बोटीतून आणलेल्या चेक नावांचं गाव.
एक चर्च, एक बँक,
बँकेच्या दाराला पितळेची मूठ.
नऊ वर्षांपूर्वी ती मूठ फिरवून
बोहुमिल आत गेला होता
नांगराच्या फाळाचे पैसे भरायला
आणि बाहेर येताना
मधे आला.
एवढंच.
पडद्यावरच्या पाटीत त्याला शूर म्हटलंय.
घरी कोंबडी कापायची वेळ आली
की तो तोंड फिरवायचा.

शेरीफचं काम शेरीफच करत होता,
पोट सुटलेलं, पट्ट्याला दोन नवी भोकं;
तो घोड्यावर चढेस्तोवर
कॅमेऱ्याची मूठ फिरवायची नाही, असं ठरलेलं.
कॅशियरच्या कामाला कॅशियर.
आणि दरोडेखोराच्या कामाला
क्लेम हार्डस्टी,
मार्चमध्ये शिक्षा संपवून सुटलेला,
छातीत खोकला,
बायका दिसल्या की हॅट काढणारा.

अकरा वेळा पडलो मी.
ढग आला म्हणून.
कुत्रं मधे आलं म्हणून.
मेल्यावर पापणी हलली म्हणून.
एकदा तर गोळी सुटली, धूर झाला,
आणि मी पडलोच नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.

सातव्या खेपेला हार्डस्टी जवळ आला.
असा नाही पडला तो, हळूच म्हणाला.
डाव्या अंगाला.
आधी गुडघा टेकला,
मग हॅट सावरली, जणू वारा सुटलाय.
मग.

आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.
नऊ वर्षं आई त्याला
रोज रात्री वेगवेगळा मरू देत होती,
आणि खरं मरण होतं
या माणसाजवळ, जसंच्या तसं, जपून ठेवलेलं.

थांब, दाखवतो, म्हणाला.
बंदूक माझ्या हातात दिली धरायला
आणि स्वतः पडला. गुडघा. हॅट. मग माती.
मी वर उभा, भावाच्या कोटात,
बंदुकीचं लाकूड अजून त्याच्या तळव्यानं कोमट.
काडतुसं कोरी होती.
मला माहीत होतं ती कोरी आहेत.
तो खाली पडल्या पडल्या खोकत होता
आणि विचारत होता: कळलं ना?

डावीकडे खांब येतो, सिनेमावाला ओरडला,
चेहरा दिसत नाही, उजवीकडे पड.
उजवीकडे पडलो.
तेच राहिलं.

ऑक्टोबरात तंबू लागला, बाकं चर्चमधली.
शेरीफनं सात घोडे नदीत घातले,
धुरातून हार्डस्टीला गळ्याला धरून काढलं,
लोकांनी बाकं बडवली.
खरा तो सापडला होता दातवाल्याच्या खुर्चीत,
तोंड उघडं, आत चिमटा.
शेरीफही आमच्यासारखाच टाळ्या वाजवत होता.
मला वाटतं, तोवर त्यालाही ती नदी आठवू लागली होती.

आई दुसऱ्या रांगेत.
पाट्या इंग्रजीत; शेजारीण कानात सांगू लागली
तर आईनं तिचा हात दाबून धरला.
मी पडलो. आईनं पाहिलं.
हार्डस्टी मागे उभा होता, तंबूच्या दोरीपाशी,
तिकीट काढून आलेला.
त्यानं मला सांगितलेलं
मी तिला अजून सांगितलं नव्हतं.
पुढेही नाही सांगितलं.

बाहेर गार वारा.
कोट मी हातावर टाकला होता,
तो तिनं घेतला, झटकला,
शिवणीत लाल माती अजून होती.
मग चेकमध्ये, चिडून म्हणाली,
पुढचं का नाही दाखवत ही माणसं?

कुठलं पुढचं, आई?

तू उठतोस ते.